मैनेचं दुसरं नाव

त्या मशीनला कारखान्यातून येताना चांगलं लांबलचक इंग्रजी नाव होतं. पण नागपूरच्या जीवाश्म संस्थेत आल्यावर आठवड्याभरात त्याचं नव्यानं बारसं झालं आणि शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे त्याला 'कुंडली' म्हणायला लागले. हाड आत ठेवायचं, झाकण लावायचं आणि चहा पिऊन यायचं. तोवर ते हाड कोणाचं, तो प्राणी कितव्या वर्षी मेला, जगला असता तर कसा वाढला असता, हे सगळं पडद्यावर हजर. लग्नाचे योग तेवढे सांगत नसे.

संस्थेतली सगळी कपाटं एकेक करून कुंडलीच्या पोटातून फिरून आली होती. कासवं झाली, मगरी झाल्या, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं असे मासेही झाले. राहिला होता तो एकच खोका. त्याची किल्ली संचालिका डॉ. कुमुदिनी वासेकर यांच्या पर्समध्ये असे आणि तो बाहेर काढायला त्यांना काही केल्या मुहूर्त सापडत नव्हता. पावसाळ्यात म्हणाल्या, हवा दमट आहे. पावसाळा सरल्यावर म्हणाल्या, विजेचा भरवसा नाही. दिवाळी आली तेव्हा म्हणाल्या, दिवाळीनंतर पाहू. एरवी कामात चालढकल करणाऱ्याची त्या बिनपाण्यानं करत. म्हणून संस्थेत कुजबुज होती. बाईंसमोर बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

कुंडली काय करत होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर बाईंची भीती कळायची नाही.

झाडाच्या खोडात जशी वर्षावर्षाची वर्तुळं असतात तशी हाडातही असतात. खायला-प्यायला मुबलक असलं की हाड भराभर वाढतं, टंचाईच्या महिन्यांत थांबतं आणि थांबल्याची एक बारीक रेघ मागे राहते. रेघा मोजल्या की वय कळतं. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. पण त्यासाठी हाडाची चकती कापून ती काचेइतकी पातळ घासावी लागे. आणि ज्या हाडांवरून एखाद्या जातीला पहिल्यांदा नाव दिलेलं असतं, तो आद्य नमुना कापू द्यायला कुठलीच संस्था सहसा राजी नसते. त्यामुळे गंमत अशी झाली होती, की ज्यांच्या नावानं सगळा संसार चालला होता नेमक्या त्याच हाडांचं वय कुणी तपासलेलं नव्हतं.

कुंडलीला कापाकापी नको होती. ती अतिसूक्ष्म क्ष-किरणांनी अख्ख्या दगडातली रेघ न् रेघ वाचत असे. हाडात मुरलेलं जस्त आणि स्ट्रॉन्शियम मोजून प्राणी काय खात होता, अंड्यातून निघून किती दिवस लोटले होते, याचा अदमास घेत असे. मग जगभरच्या संग्रहांतल्या हाडांशी ताडून ते हाड पडद्यावर पुढे वाढवत नेत असे. अंगठ्याएवढ्या मणक्याचा बघता बघता बटाट्याएवढा मणका होई. तो शेवटी कुणाच्या मणक्याशी जुळला, की कळायचं हे लेकरू कोणत्या घरचं.

आणि इथंच जगभर तारांबळ उडाली. छोट्या शिकारी डायनोसॉरांच्या म्हणून ज्या जाती शंभर-दीडशे वर्षं पुस्तकांत मिरवत होत्या, त्यांतल्या कितीतरी जाती नव्हत्याच. ती मोठ्यांची पोरं होती. आईला एक नाव, पिल्लाला दुसरं नाव देऊन विद्वान मंडळी मोकळी झाली होती! मग एका देशात गावाच्या वेशीवरचा पुतळा उतरवावा लागला, दुसऱ्या देशात पोस्टाचं तिकीट मागे घ्यावं लागलं. कारण प्राण्यांच्या नावांचा कायदा कडक आहे. एकाच प्राण्याला दोन नावं पडली असतील, तर जे आधी छापलं गेलं ते राहतं, नंतरचं बुडतं. लहान कोण, मोठं कोण, हे बघत नाहीत. या धंद्यात 'बुडतं' असाच शब्द आहे आणि तो अगदी सहज वापरतात.

कुमुदिनीबाईंच्या खोक्यात मैना होती.

तीस वर्षांपूर्वी वरोऱ्याच्या पुढे बोरखेडीच्या शिवारात, एका लालसर करड्या टेकाडावर त्यांना ती सापडली. जबड्याचा तुकडा, मांडीचं हाड आणि मूठभर मणके. शेपटीसकट माणसाएवढी लांब, उंचीला जेमतेम कमरेइतकी, दोन पायांवर धावणारी आणि सुरीच्या पात्यासारख्या बारीक दातांची शिकारीण. त्याच टेकाडातून दोन वर्षं आधी डॉ. हेमचंद्र पांढरीपांडे यांनी एका भल्यामोठ्या शिकारी डायनोसॉरची हाडं काढली होती आणि त्याला 'दंडकासॉरस' असं भारदस्त नाव दिलं होतं. ही त्याच्यापुढे चिमुरडी. पण हिच्या मणक्यांचे सांधे बुजलेले होते आणि सांधे वाढ संपल्यावर बुजतात. तेव्हा ही दिसायला लहान, पण वयानं पूर्ण, म्हणजे स्वतंत्र जात, असं कुमुदिनीबाईंनी लिहिलं. त्या एका वाक्यावर सगळी जात उभी होती. लॅटिनमध्ये शिकारिणीला व्हेनेट्रिक्स म्हणतात म्हणून तिचं नाव ठेवलं मैनाव्हेनेट्रिक्स.

लोकांना वाटलं, मैना पक्ष्यावरून ठेवलं असेल. पक्षी आणि डायनोसॉर एकाच कुळातले, तेव्हा शोभूनही दिसत होतं. खरी गोष्ट वेगळी होती. मैना हे कुमुदिनीबाईंच्या आईचं माहेरचं नाव.

अठराव्या वर्षी मैनेचं लग्न झालं. सासूबाईंना घरात पाखराचं नाव नको होतं. नवऱ्या मुलानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुमित्रा' असं लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि मैना संपली. त्या काळी घरोघर हेच चाले, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फक्त त्या पोरीच्या कानांना हे कुणी सांगितलं नव्हतं. अंगणातून "सुमित्रे!" अशी हाक आली तरी ती आपली चुलीपुढे बसून राहायची. हाक आपल्याला आहे हे तिच्या ध्यानातच यायचं नाही. महिन्याभरात सासरी बोभाटा झाला, की फसवणूक झाली, सून बहिरी निघाली. तिला वैद्याकडेसुद्धा नेऊन आणलं! पुढे सवय झाली. मैना म्हणून हाक मारणारा एकटा तिचा भाऊ राहिला. भाऊबीजेला आला की दारातूनच ओरडायचा, "मैने, पाणी आण वं!" तो वारला, त्याच वर्षी कुमुदिनीबाईंना ती टेकाडावरची हाडं सापडली होती.

आपलं नाव डायनोसॉरला दिलं हे ऐकल्यावर आईची पहिली प्रतिक्रिया होती, "बाप्पा! सरड्याले?" पण मग तिनं गल्लीतल्या एकूण एक बाईला ते सांगितलं. संस्थेत येऊन काचेपुढे उभी राहिली, पाटीवरचं नाव बोटानं एकेक अक्षर लावत वाचलं आणि म्हणाली, "लिहिलेलं पयल्यांदाच पायलं." इतक्या वर्षांत तिनं स्वतःबद्दल काही बोललेलं कुमुदिनीबाईंना आठवत नव्हतं. त्या वाक्यानं त्यांच्या काळजाचं पाणी झालं होतं.

आता आई शहाऐंशीची होती. आणि कुंडली खालच्या मजल्यावर बसली होती.

हिवाळ्यातल्या एका सकाळी प्रज्वला रामटेके बाईंच्या खोलीत आली आणि तिनं दार लोटून घेतलं. प्रज्वला बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. आता संस्थेत शास्त्रज्ञ होती आणि दंडकासॉरस कसा वाढत असे यावर तिचं काम चाललं होतं. वर्षापूर्वी तिचं लग्न झालं होतं आणि नाव-आडनाव दोन्ही जागच्या जागी होती.

"मॅडम, एक विचारू? रागवू नका."

"विचारायच्या आधीच रागवायचं ते कसं?"

"दंडकासॉरसची पिल्लं कुठे आहेत?"

बाई समोरचे कागद नीट लावायला लागल्या.

"बोरखेडीला दंडकासॉरस निघतात ते सगळे मोठे," प्रज्वला म्हणाली. "मैना निघते ती लहान. जबलपूरकडे बघा, गुजरातेत बघा, तिथंही तेच. एकाच्या घरात लेकरू नाही अन् दुसरीच्या घरात मोठं माणूस नाही. असं कसं असेल, मॅडम?"

"मणक्यांचे सांधे बुजलेत."

"काही जातींत ते लहानपणीच बुजतात. नुसत्या सांध्यांवरून वय ठरवू नका, हे आम्हाला एम.एस्सी.ला तुम्हीच शिकवलं." मग तिचा आवाज खाली आला. "माझं काम अडलंय म्हणून नाही म्हणत. तुम्हाला कधीचं कळलंय, हे मला कळतंय. मला ते बघवत नाही."

कुमुदिनीबाईंना संताप आला. खोटं कशाला बोला, तो प्रज्वलाचा नव्हता. जी गोष्ट आपण दुसऱ्या कुणाच्या बाबतीत एक दिवस चालवून घेतली नसती, ती आपण इतके महिने चालवली, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पर्स उघडली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"चल. मीपण येते."

मांडीचं हाड आणि जबड्याचा तुकडा त्यांनी स्वतःच्या हातांनी कुंडलीत ठेवला. चहा प्यायला मात्र दोघींपैकी कुणीच गेलं नाही. पडद्यावर मांडीच्या हाडाचा आडवा छेद उजळत गेला. पूर्ण वाढलेल्या जनावराच्या हाडात कडेला रेघांची दाटी व्हायला हवी, कारण वाढ थांबत आलेली असते. इथं कडेला दाटी नव्हती. सगळ्या मिळून तीन रेघा, त्याही लांब लांब, आणि मधल्या जागेत रक्तवाहिन्यांची नुसती जाळी. वाढीचा जोर असलेलं, सारखी भूक लागलेलं, तीन वर्षांचं लेकरू.

मग कुंडलीनं ते वाढवायला घेतलं. हाड लांबलं, भरलं, सांध्याजवळची कड फुगली. जबडाही लांबला आणि जाडजूड होत गेला. सुरीसारखे दात गळून तिथं रुंद, दणकट दात आले. कुमुदिनीबाई टक लावून बघत होत्या. लेकीला एका दमात मोठी होताना पाहावं तसं ते होतं. पंधराव्या वर्षी मैना थांबली. शेजारच्या चौकटीत दंडकासॉरसचं हाड होतं. कुंडलीनं एक दुसऱ्यावर ठेवलं आणि दोन्ही तंतोतंत बसली.

"मॅडम," प्रज्वला म्हणाली, "बसता का जरा?"

"बसते," बाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

दुपारी त्यांनी पुण्याला पांढरीपांडे सरांना फोन लावला. सर निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. बोरखेडीच्या उन्हात दोघांनी बरोबरीनं घाम गाळला होता आणि परिषदांमध्ये एकमेकांची यथेच्छ खेचलीही होती. सगळं ऐकून घेतल्यावर सर हसले.

"म्हणजे या वयात माझ्या घरी लेकरू झालं म्हण की! पेढे वाटतो."

"वाटा."

त्या एका शब्दावरून सरांना काय ते कळलं. मैना कोण होती हे त्यांना ठाऊक होतं. मैनेच्या, म्हणजे कुमुदच्या आईच्या हातची भाकरी त्यांनी टेकाडावर बसून खाल्ली होती.

"हे बघ कुमुद," ते म्हणाले, "प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज करता येतो. जुनं नाव बाजूला ठेवून नवं राखावं म्हणून. मी स्वतः सही करतो. दंडकासॉरस बुडू दे, मैना राहू दे. माझं काही अडत नाही."

"कारण काय लिहिणार, सर? नाव लोकांत रुळलेलं असलं तरच आयोग ऐकतो. रुळलंय ते तुमचं. शाळेच्या पुस्तकात दंडकासॉरस आहे."

सर अवघडून म्हणाले, "मग थोडं थांब ना. घाई काय आहे? आईंचं वय... असं बोलू नये, मला कळतं. पण दोन-चार वर्षांनी छापलंस तर दंडकासॉरस काही उठून जात नाही. त्यांना कळणारसुद्धा नाही."

फोन ठेवल्यावर कुमुदिनीबाई खुर्चीत बसून राहिल्या. सर वाईट माणूस नव्हते, त्यांनी मायेनंच सुचवलं होतं. आणि वाईट गोष्ट ही, की ते सुचवायच्या आधीच बाईंच्या स्वतःच्या मनात ते येऊन गेलं होतं. इतके महिने त्या दुसरं काय करत होत्या? दमट हवा आणि विजेचा भरवसा ही नुसती तोंडदेखली कारणं. आपण आई जायची वाट पाहत होतो, हे त्यांना आत्ता लख्ख दिसलं. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि ऑफिस सुटायच्या आधीच घरी निघाल्या.

आई गॅलरीतल्या उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आता तिला कमी दिसायचं, पण शेंगा सोलायला डोळे लागत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. कीड लागलेला दाणा बोटालाच कळतो म्हणे. लेक अवेळी आलेली पाहून तिनं विचारलं, "काहून वं? बरं नाही काय?"

"बरं हाये." कुमुदिनीबाई शेजारी खाली बसल्या. आईजवळ बसलं की त्यांची संस्थेतली भाषा आपोआप गळून पडायची. "तुले एक सांगाचं होतं."

"सांग मंग. हात कायले चोळून रायली?"

"आपली ती मैना हाये ना, संस्थेतली. तिची आज तपासणी केली. ते वेगळं जनावर नाही निघालं, आई. एका मोठ्या जनावराचं लेकरू निघालं."

"बरं."

"त्या मोठ्याचं नाव आधी ठेवलेलं हाये. पांढरीपांडे सरांनी ठेवलं होतं ते. मंग एका जनावराले दोन नावं चालत नाहीत. आधीचं ठेवा लागते अन् नंतरचं जाते." त्या ताटातल्या शेंगांकडे बघत म्हणाल्या, "मैना जाते, आई."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोनं ठरवलं हे?"

"मीच."

"तूच नाव ठेवलं अन् तूच काढून रायली?"

"हो. म्या नाही काढलं तर दुसरं कोनी काढन. पन खरं ते हेच हाये. मले कधीचं वाटत होतं अन् मी लपवून ठेवलं. तुह्यासाठी." आणि मग एकसष्ट वर्षांची ती बाई, जिच्यापुढे अख्खी संस्था चळचळा कापे, आईच्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडायला लागली. "मामा गेल्यावर तुले त्या नावानं हाक मारनारं कोनी नव्हतं उरलं. कुठंतरी राहावं म्हनून ठेवलं होतं, आई. ते एकच होतं."

आईनं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. तिच्या बोटांना तुरीचा हिरवा वास येत होता. लेकीच्या पांढऱ्या केसांतून ती हात फिरवत राहिली.

"पुसतात काय मंग ते?" शेवटी तिनं विचारलं.

"पुसत नाहीत. मोठ्याचं नाव लिहितात अन् त्याच्या खाली लिहितात, याले मैनाही म्हनत होते, या मानसानं म्हटलं, या गावच्या हाडावरून म्हटलं. जेव्हा जेव्हा कोनी त्याच्यावर पुस्तक लिहीन, तेव्हा तेव्हा ते खाली लिहा लागते. अन् ते नाव मंग जगातल्या दुसऱ्या कोन्या जनावराले देता येत नाही. कधीच."

"म्हंजे राखून ठेवतात."

"हो."

"बरं करतात बाप्पा. शाने लोकं हायेत." आईनं पदराला लागलेलं टरफल झटकलं. "माहं कोनी नाही लिहिलं खाली. रेशनकार्डावर सुमित्रा, मतदानात सुमित्रा. तुह्या बाबाच्या पेन्शनीतही सुमित्राच. हिलेच पयले मैना म्हनत, असं कोनी नाही लिहिलं."

कुमुदिनीबाईंनी मान वर केली. आईच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं त्यांना वाटलं होतं, ते नव्हतं. ती डोळे बारीक करून कसला तरी विचार करत होती.

"मले एक सांग," ती म्हणाली. "लहान होतं तवा ते मैना."

"हो."

"मोठं झालं, आंगापिंडानं भरलं, अन् नाव बदललं."

"हो, आई."

आई हसायला लागली. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलेपर्यंत, मग दात नसलेलं तोंड उघडून मोकळेपणानं. पदरानं तिनं आधी लेकीचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे.

"मंग एवढी रडून कायले रायली वं? जा, लिहून टाक खरं ते," ती म्हणाली. "पोट्टीच असन ते."